ऐकू येणारे आवाज आणि चुंबकाचा इलाज

मेंदूवर चुंबकीय स्पंदने किंवा अतिसौम्य विद्युतप्रवाह सोडून मनोविकारातील श्रवणभास कमी करण्याचे प्रयोग गेली पंचवीस वर्षे जगभर चालू आहेत. भारतातही त्यावर महत्त्वाचे काम झाले आहे. या उपचारांकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, याचा हा आढावा.

डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, शांततेसाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले. पण त्यांची जागा वाहनांच्या हॉर्ननी, टॉवरच्या बांधकामांनी आणि गणपतीच्या दिवसांतील ढोल-ताशांनी घेतली. येथील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. भिंतीपलीकडचे भांडण, शेजारचा टीव्ही, सामायिक गॅलरीतल्या गप्पा हे सारे कानावर पडणे हा इथल्या जगण्याचाच भाग. अशा वस्तीत अठरा-वीस वर्षांचा एखादा मुलगा 'शेजारचे माझ्याविषयी बोलतात' असे म्हणू लागला, तर घरच्यांना प्रथम त्यात काही वावगे वाटत नाही. भिंतीपलीकडून आवाज येतच असतात. मग तो कॉलेजला जायचे टाळू लागतो, रात्र-रात्र जागतो, जेवणाच्या ताटावरून उठून भिंतीला कान लावतो. शेजारची मंडळी गावी गेलेली असताना, त्यांच्या दाराला कुलूप असतानाही त्याला तेच आवाज तितकेच स्पष्ट ऐकू येतात, तेव्हा कुठे आई-वडिलांच्या मनात पाल चुकचुकते.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात सांगितली जाणारी हकिगत बहुतेक वेळा अशाच वळणाने जाते. त्यापुढील वळणेही ठरलेली असतात. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी लग्न लावून द्या म्हणतो. 'बातमी बाहेर फुटली तर बहिणीचे लग्न जमायचे नाही' या धास्तीने काही घरे महिनोन् महिने गप्प बसतात. आणि अलीकडे यात आणखी एका सल्ल्याची भर पडली आहे : 'डोक्याला चुंबक लावून आवाज बंद करतात म्हणे, गोळ्यांची गरजच नाही.' या सल्ल्यात खरे किती आणि खोटे किती, हे पाहण्यापूर्वी आवाज येतात कुठून ते समजून घ्यायला हवे.

आवाज येतात कुठून?

बाहेर आवाज नसताना तो ऐकू येणे याला श्रवणभास म्हणतात. झोप लागताना कोणी हाक मारल्यासारखे वाटणे किंवा जिवलगाच्या मृत्यूनंतर त्याचा आवाज कानी पडल्याचा भास होणे, हे अनेक निरोगी माणसांच्याही वाट्याला येते. मात्र आवाज वारंवार येऊ लागले, ते टीका करू लागले, हुकूम सोडू लागले आणि त्यांच्या जोडीला 'माझ्याविरुद्ध कट शिजतो आहे' असे भ्रम दिसू लागले, तर ती सायकोसिसची, म्हणजे वास्तवाशी नाते तुटू लागल्याची खूण असू शकते. स्किझोफ्रेनिया हे त्याचे सर्वांत परिचित रूप. मात्र तीव्र नैराश्य, बायपोलर विकार, अमली पदार्थ, अपस्मार किंवा मेंदूचा संसर्ग यांतूनही असे भास उद्भवू शकतात. त्यामुळे आवाज ऐकू येणे म्हणजे स्किझोफ्रेनियाच, असे घरबसल्या ठरवणे चुकीचे आहे.

रुग्णाला हे आवाज कल्पनेतले वाटत नाहीत. ते खरोखरच ऐकू येतात. याला मेंदूच्या चित्रणातून पुष्टी मिळाली आहे. भास होत असतानाच मेंदूतील रक्तप्रवाह तपासला असता, आपण स्वतः बोलताना वापरतो तो डावा भाषिक भाग कामाला लागलेला दिसतो, असे लंडनमधील संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले. १९९९ च्या एका अभ्यासात तर बाहेरील ध्वनी टिपणारे श्रवणकेंद्रही त्या क्षणी जागे झालेले आढळले. म्हणजे मेंदूच बोलतो आणि मेंदूच ऐकतो. 'हे माझेच बोलणे आहे' एवढी नोंद मात्र हरवलेली असते.

ही नोंद कशी हरवते, याचे एक सोपे उदाहरण आहे. स्वतःला गुदगुल्या करून पाहिल्या तर हसू येत नाही, कारण हात हलवण्याचा आदेश देतानाच मेंदू त्याची एक प्रत स्पर्शकेंद्राकडे पाठवतो आणि 'हे आपलेच काम आहे' अशी आगाऊ सूचना देतो. ज्यांना आवाजांचे भास होतात अशा रुग्णांत ही सूचना दुबळी पडते आणि स्वतःचा स्पर्शही त्यांना परक्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र वाटतो, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. मनातल्या मनात चाललेल्या बोलण्याबाबतही असेच घडत असावे, असा एक प्रमुख सिद्धांत आहे. आपलाच विचार आपल्याला उपरा वाटू लागतो आणि त्याला आवाज फुटतो.

आवाज कोणाचे, हे मात्र माणूस राहतो त्या समाजावरही अवलंबून असते. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, घानाची राजधानी अक्रा आणि कॅलिफोर्नियातील सॅन मातेओ येथील प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी रुग्णांचे आवाज बहुधा अनोळखी आणि हिंसक होते. चेन्नईतील अनेकांना मात्र घरच्याच माणसांचे आवाज ऐकू येत. ते रागावत, उपदेश करत, घरकामाची आठवणही करून देत. त्यामुळे आपल्याकडे असा रुग्ण 'आजी बोलते', 'काका ओरडतात' असे सांगू लागला तर ते दैवी संकेत म्हणून सोडून देणे सोपे असते आणि धोक्याचेही.

चुंबक आणि वीज

भास होताना डाव्या कानाच्या किंचित वर आणि मागे असलेला मेंदूचा भाग वाजवीपेक्षा अधिक उत्तेजित असेल, तर तो बाहेरूनच थोडा शांत करता येईल का, असा प्रश्न संशोधकांना पडला. त्यासाठीचे साधन तोवर तयार झाले होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते. त्याच तत्त्वावर इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एक यंत्र बनवले. तांब्याच्या तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर प्रबळ प्रवाह सोडला की कवटीखालील मेंदूच्या पृष्ठभागात अल्पशी वीज निर्माण होते. कातडी कापावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. या पद्धतीला टीएमएस म्हणतात. स्पंदने जलद दिली तर तो भाग सहसा उत्तेजित होतो. सेकंदाला एक अशा संथ गतीने दिली तर तो मंदावतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी संथ स्पंदनांचा हा उपाय श्रवणभासांसाठी प्रथम वापरला. १९९९ मध्ये तीन रुग्णांवरील आणि २००० मध्ये बारा रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' आणि अन्य नियतकालिकांतून पुढे आले आणि जगभर आशा निर्माण झाली.

दुसरी पद्धत त्याहून साधी आणि स्वस्त आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांत ठेवलेल्या दोन पट्ट्या डोक्यावर बसवतात आणि त्यातून वीस मिनिटे दोन मिलीअँपिअर इतका अल्प, एकाच दिशेचा प्रवाह सोडतात. धन टोक डाव्या कपाळाच्या वरच्या बाजूला, तर ऋण टोक डाव्या कानाच्या वर-मागे असते. पहिल्याने कपाळामागील नियंत्रक भागाला चालना मिळावी आणि दुसऱ्याने आवाज निर्माण करणारा भाग शांत व्हावा, अशी ही योजना. रुग्ण जागा असतो, बोलू शकतो. थोडी झिणझिण आणि त्वचेवर लाली एवढाच त्रास बहुतेकांना होतो. या पद्धतीला टीडीसीएस असे नाव आहे.

या दोन्ही पद्धतींची 'शॉक'शी गल्लत होते, ती दूर करणे आवश्यक आहे. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या विद्युतउपचारात, म्हणजे ईसीटीमध्ये, सुमारे ८०० मिलीअँपिअर प्रवाहाने मुद्दाम आकडी आणली जाते. टीडीसीएसमधील प्रवाह त्याच्या काहीशे पट कमी असतो आणि त्यात आकडी आणण्याचा हेतू नसतो. ईसीटीही आज भूल देऊनच करावी लागते. भुलीशिवाय ती करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी घातली आहे. चित्रपटांतून दिसणारे शॉकचे भयानक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून या नव्या उपचारांना घाबरण्याचे कारण नाही.

प्रयोगांचा कौल

कोणत्याही उपचाराची खरी कसोटी त्याची तुलना लुटुपुटूच्या उपचाराशी केल्यावर लागते. टीएमएसमध्ये वेटोळे वाकडे धरतात किंवा बनावट वेटोळे वापरतात. टीडीसीएसमध्ये सुरुवातीची झिणझिण जाणवू देऊन अर्ध्या-एक मिनिटात प्रवाह गुपचूप बंद करतात. आपल्याला खरा उपचार मिळाला की खोटा, हे रुग्णालाही कळत नाही आणि आवाजांची तीव्रता मोजणाऱ्यालाही कळत नाही.

या कसोटीवर निकाल संमिश्र आहेत. फ्रान्समधील लिआँ येथील जेरोम ब्रुनेलाँ यांच्या गटाने २०१२ मध्ये ३० रुग्णांवरील टीडीसीएसचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातून दोनदा, पाच दिवस उपचार दिल्यावर भासांची तीव्रता सरासरी ३१ टक्क्यांनी उतरली आणि हा परिणाम तीन महिने टिकला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. गणेशन वेंकटसुब्रमणियन यांच्या गटाने औषधांना दाद न देणाऱ्या २५ रुग्णांवर केलेला तशाच आराखड्याचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही खरा उपचार लुटुपुटूच्या उपचारापेक्षा सरस ठरला. त्याच वर्षी डॉ. वेंकटसुब्रमणियन यांना वैद्यकीय विज्ञानासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

याच्या उलट, नेदरलँड्समधील ५४ रुग्णांवरील टीडीसीएसच्या प्रयोगात २०१८ मध्येच खऱ्या-खोट्या उपचारांत फरक आढळला नाही. टीएमएसबाबतही तेथील ६२ रुग्णांच्या प्रयोगाने २०११ मध्ये असाच नकारार्थी कौल दिला होता. गंमत अशी, की अशा प्रयोगांत खोटा उपचार मिळालेल्यांचेही आवाज काही प्रमाणात कमी होतात. रोज कोणीतरी आस्थेने विचारपूस करते, ठरल्या वेळी घराबाहेर पडावे लागते, काहीतरी केले जात आहे याचा धीर येतो. या साऱ्याचाही तो परिणाम असावा. २०२५ मध्ये जर्मनीतील अनेक केंद्रांवर मिळून झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. टीएमएसच्या एका जलद प्रकाराने भास कमी होतात, असे त्यात दिसले. मात्र खोट्या उपचाराच्या तुलनेत मिळालेला जादा लाभ माफकच होता.

थोडक्यात, काही रुग्णांचे आवाज या उपचारांनी हळू होतात, काहींना फरक पडत नाही आणि कोणाला लाभ होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने टीएमएसला २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी परवानगी दिली; श्रवणभासांसाठी तशी परवानगी मिळालेली नाही.

आजाराच्या सुरुवातीला काय?

आजार नुकताच सुरू झालेल्या तरुणांसाठी हा प्रश्न वेगळा ठरतो. वर उल्लेखलेले बहुतेक प्रयोग अनेक वर्षे आजारी असलेल्या आणि औषधांनी आवाज न थांबलेल्या रुग्णांवर झाले आहेत. नव्या रुग्णांवरील प्रयोग थोडे आणि लहान आहेत. तरुण मेंदू अधिक लवचीक असतो, म्हणून लवकर दिलेल्या उद्दीपनाचा लाभ अधिक व्हावा, ही कल्पना तर्काला धरून आहे. पण ती पुरेशी सिद्ध झालेली नाही.

सिद्ध झाले आहे ते वेगळेच. पहिल्यांदा आजारी पडलेल्या ज्या रुग्णांनी वर्षभर नियमित औषधे घेतली, त्यांच्यापैकी केवळ ८ टक्क्यांमध्ये सौम्य ते मध्यम भास शिल्लक राहिले, असे युरोपातील एका मोठ्या चाचणीच्या आधारे २०१२ मध्ये मांडण्यात आले. म्हणजे सुरुवातीच्या काळात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी साधी, सहज मिळणारी औषधेच सर्वांत परिणामकारक असतात. दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही आवाज थांबले नाहीत, तर क्लोझापिन हे औषध आहे. त्यासाठी ठरावीक अंतराने रक्ततपासणी करावी लागते. चुंबकाचा किंवा प्रवाहाचा विचार या पायऱ्यांच्या सोबतीने किंवा त्यानंतर व्हावा. 'गोळ्यांची गरजच नाही' हा सल्ला येथेच खोटा ठरतो, कारण बहुतेक प्रयोगांतील रुग्ण उद्दीपनाच्या जोडीने गोळ्या घेतच होते.

आणि याहूनही महत्त्वाचा घटक आहे वेळ. नॉर्वेतील रोगालँड भागात १९९७ पासून वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपटगृहे आणि शाळांतून सायकोसिसच्या पहिल्या लक्षणांची माहिती देण्यात आली आणि थेट संपर्क साधता येईल असे पथक नेमले गेले. तेथे लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा मध्यक काळ पाच आठवड्यांवर आला. मोहीम नसलेल्या भागांत तो सोळा आठवडे होता. दहा वर्षांनी पाहणी केली तेव्हा मोहिमेच्या भागातील ३०.७ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले आढळले, इतर भागांत १५.१ टक्के. यंत्र तेच, औषधे तीच; फरक होता तो लवकर पोहोचण्याचा.

आपल्याकडील चित्र याच्या नेमके उलट आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनिया आणि तत्सम विकार आयुष्यात कधीतरी झालेल्यांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के आहे आणि अशा रुग्णांपैकी साधारण तीन चतुर्थांश उपचारांपासून दूर आहेत. एक जमेची बाजू मात्र आपल्याकडे आहे. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेतील आणि कॅनडातील माँट्रियल येथील नव्या रुग्णांचा दोन वर्षे तुलनात्मक अभ्यास झाला. चेन्नईतील कुटुंबे उपचारांत कितीतरी अधिक सहभागी होती आणि तेथील रुग्णांमध्ये निरुत्साह, अबोलपणा यांसारखी लक्षणेही अधिक सुधारली. एका खोलीत सहा जण राहण्याचे तोटे अनेक असले, तरी मुलगा जेवला नाही हे तिथे त्याच रात्री कळते, हा फायदाही आहे.

करी रोडच्या पुलापलीकडे

डिलाईल रोडच्या रहिवाशाला मनोविकारतज्ज्ञ शोधायला दूर जावे लागत नाही. करी रोडचा पूल ओलांडून लालबागमार्गे परळला गेले की १९२६ पासून उभे असलेले केईएम रुग्णालय आहे. दुसऱ्या बाजूला मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालय आहे. महापालिकेच्या या दोन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. केसपेपर काढून रांगेत बसण्याचा संकोच वाटत असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलता येते. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम देत असतील, तर मात्र वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले पाहिजे. आणि बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधून ठेवणे, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

एखाद्या केंद्राने चुंबकीय किंवा विद्युत उद्दीपन सुचवलेच, तर कुटुंबाने काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. निदान कोणी आणि कशाच्या आधारे केले? आतापर्यंत कोणती औषधे, किती मात्रेत, किती काळ दिली? एकूण सत्रे किती, खर्च किती आणि कितव्या सत्रानंतर लाभ नाही असे मानून थांबायचे? लाभ कसा मोजणार? औषधे चालू राहणार ना? डोक्यात धातूचा तुकडा, कानात बसवलेले श्रवणयंत्र, पेसमेकर किंवा पूर्वी आकडी आल्याचा इतिहास असेल तर तो आधीच सांगितला पाहिजे, कारण टीएमएसमुळे क्वचित आकडी येऊ शकते. 'शंभर टक्के बरा करू' असे आश्वासन मिळाले, तर तेथून उठावे. सत्रे सहसा रोज आणि काही आठवडे असतात. रोजंदारीवर किंवा पाळीत काम करणाऱ्या वडिलांचे तेवढे खाडे होतात. यासाठी दागिने गहाण टाकण्यापूर्वी, महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या यांची तजवीज झाली आहे ना, हे पाहणे शहाणपणाचे.

घरी करण्यासारखेही बरेच असते. आवाज खोटे आहेत असे ओरडून सांगितल्याने ते थांबत नाहीत आणि खरे आहेत असे म्हटल्याने भीती वाढते. 'आम्हाला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतो हे दिसते आहे' एवढे म्हणणे पुरे असते. गुणगुणणे, मोठ्याने वाचणे किंवा इयरफोन लावून गाणी ऐकणे यांनी अनेकांचे आवाज तेवढ्यापुरते मागे पडतात. झोप सांभाळणे आणि गांजा-दारूपासून दूर राहणे यांचेही महत्त्व औषधांइतकेच आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ च्या चित्रपटाने स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणि त्याची बहीण मराठी प्रेक्षकांसमोर आणली, तेव्हा अनेक कुटुंबांना आपल्या घरातील गोष्ट प्रथमच उघडपणे बोलता आली होती.

उद्दीपनाचे तंत्र येत्या काळात सुधारेल. कोणत्या रुग्णाच्या मेंदूतील नेमक्या कोणत्या जागी स्पंदन द्यायचे, हे मेंदूच्या चित्रणावरून ठरवण्याचे प्रयत्न चालूच आहेत. त्यातून ज्यांचे आवाज औषधांनी थांबत नाहीत अशांना दिलासा मिळेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. परंतु शेजारच्या कुलूपबंद खोलीतून ज्याला आज प्रथमच आवाज ऐकू येत आहेत, त्याच्यासाठी सर्वांत प्रभावी उपाय अजूनही जुनाच आहे : घरच्या कोणीतरी ही गोष्ट न लपवता, त्याच आठवड्यात त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जाणे.